करमत नाही

ओब्दुलिया स्पेनमधल्या सांतुर्सेच्या धक्क्यावर मासे विकायची. तिची आरोळी अख्ख्या गावाला ऐकू जायची, पण माझ्या स्वयंपाकघरात फ्रेंच म्हणायची वेळ आली की बोलती बंद.

"ओठ 'ऊ'चे कर आणि म्हण 'ई'," मी दरडावायचे.

"कासिल्दामावशी, हे तोंड मासे विकायला दिलंय देवाने, मुके घ्यायला नाही."

"मी फ्रान्समध्ये, बायोनला, वीस वर्षं शिवणकाम केलं, ते याच तोंडाने. म्हण!"

मी खडूस आहे, मान्य. पण तिला कधी हाकललं नाही. सदतीस साली, आमच्या यादवी युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा, तिने पाच वर्षांच्या नेकानेला इतर मुलांबरोबर फ्रान्सच्या बोटीत बसवलं. तीन महिन्यांसाठी म्हणून. त्याला दहा वर्षं झाली. पोर बोर्दोजवळच्या एका घरात वाढली आणि आपली भाषा पार विसरली. आमच्या पत्रांची उत्तरं त्या घरची बाई फ्रेंचमध्ये लिहायची, मी ती वाचून दाखवायचे: नेकाने बरी आहे, उंच झाली आहे. आई तिच्या मनात आहे की नाही, हे कशातच नसायचं. ओब्दुलियाला तेवढंच हवं होतं, आणि विचारायचा धीर नव्हता.

शेवटी तिने मला न दाखवता स्वतःच फ्रेंचमधून एक ओळ लिहून धाडली. महिन्याने ती माशांच्या टोपलीसकट माझ्या दारात. हातात चिठ्ठी. त्यात एकच शब्द, 'हो', आणि खाली नेकानेची सही.

"मी लिहिलं, तुझ्यावाचून मला करमत नाही. आणि ती म्हणते, हो! मासे ताजे आहेत का विचारल्यासारखं." तिने चिठ्ठी मिटली. "संपलं, मावशी. पोरगी त्यांची झाली."

"शब्द सांग. जसेच्या तसे."

"ज्य त माँक."

मी कपाळावर हात मारला. आमच्या बोलीत झुरणारा आधी येतो. फ्रेंचमध्ये जो जवळ नाही तो आधी. आमचं माणूस हमखास इथे घसरतं, मीही घसरले होते.

"गाढवे, उलटं लिहिलंस. 'माझ्यावाचून तुला करमत नाही,' असं झालं ते."

"अगं बाई! मी कशाला असं म्हणेन? एवढा तोरा..."

ती मध्येच थांबली. चिठ्ठी पुन्हा उघडली. तो एक शब्द पुन्हा वाचला आणि टोपलीशेजारी जमिनीवरच बसली.

"दहा वर्षं, मावशी," ती म्हणाली. "माझ्या पोरीला दहा वर्षं करमत नव्हतं, आणि मी इथे मासे विकत होते."