बॉयलरच्या जागेवरचं तळं

मचाणाच्या पायऱ्या चढून महेबूब कठड्याशी आला आणि बॉयलर नेमका कुठं होता ते शोधू लागला. खाली आता तळं होतं. पाणकणसांत जांभळ्या पाणकोंबड्या फिरत होत्या. बंद पडलेली तेलगिरणी पाडून, काळी पडलेली माती उपसून, लातूरकरांसाठी हे पक्ष्यांचं रान केलं होतं. त्याच्या लेकीनं, मनतशानंच हट्टानं त्याला आणलं होतं.

तिथं एक म्हातारे गृहस्थ दुर्बीण लावून बसले होते. मनतशानं पुढं होऊन सलाम केला. बॅच भरली म्हणून ज्या क्लासनं तिला परत पाठवलं होतं, त्या क्लासच्या सरांचे हे वडील. ते बोलू लागले आणि महेबूबनं आवाज ओळखला. मडिवाळप्पा साहेब, गिरणीचे मॅनेजर.

भूकंपाच्या थोडं आधी बॉयलर फुटला, त्यात महेबूबचा थोरला भाऊ अकरम गेला. बॉयलर गळतोय, बदला, असं तोच सांगत आला होता. चौकशीत साहेबांनी सांगितलं, माणूस पिऊन आला होता. अकरमनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण मग भूकंप झाला. गावंच्या गावं गाडली गेली, तिथं एका माणसाची दाद कोण घेणार? साहेबांचा शब्द तेवढा मागं राहिला. दारुड्याची बायको हे ऐकून ऐकून भावजय माहेरी निघून गेली. घरातल्या पोरांना सांगितलं, चाचा भूकंपात गेले.

साहेबांनी मनतशाची आपुलकीनं विचारपूस केली. उद्या क्लासवर ये, मी मुलाला सांगून ठेवतो, म्हणाले. तिचा चेहरा उजळला. त्या आनंदातच तिनं सांगून टाकलं, की अब्बा इथल्याच गिरणीत कामाला होते.

"असं का?" साहेब 'तुम्ही'वरून सहज 'तू'वर आले. "मग तुला आठवत असेल. सोन्यासारखी गिरणी एका दारुड्यापायी बुडाली. अकरम का कोण. ओळखत होतास?"

मनतशानं चटकन बापाकडं पाहिलं.



"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आमचं खातं अलग होतं."

साहेबांनी मान हलवली आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली.

दोघं पायऱ्या उतरून बांधावर आली, तेव्हा मनतशा थांबली.

"अब्बा, आपले अकरमचाचा..."

"भूकंपात गेले." तो तिच्याकडं न बघता म्हणाला. मग त्यानं विचारलं, "उद्या जायचंय न्हवं तुला क्लासला?"

तिनं वळून मचाणावरच्या साहेबांकडं पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "जायचंय."