तीनदा जागा बदललेला दगड

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. महाडजवळच्या एका ओढ्यात पुराच्या लोंढ्यांनी मला घासूनपुसून सपाट केले. बयाबाई नवी नवरी होऊन वाडीत आली, तेव्हा तिने मला निवडून काठावर मांडले. "असा दगड अख्ख्या वाडीत नाय," ती बायकांना सांगायची. मित्रांनो, कौतुक दगडालाही आवडते.

पुढे औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी वाडीत भाड्याच्या खोल्या उठल्या. बयाबाईच्या मुलाने, सुनीलनेही चार बांधल्या आणि संडास-मोरीचा पाइप सरळ ओढ्यात सोडला. सगळ्यांनीच सोडले. वर्षभरात पाण्याला वास सुटला, माझ्या अंगावर करडा बुळबुळीत थर चढला. खेकडे निघून गेले. मला कुठले पाय?

मग बयाबाई आणि तिची सून मैना यांनी मला उचलून खाली नेले. ओढा तसा गुणी आहे. खडकांवर आपटत, हवा-ऊन खात तो घाण हळूहळू जिरवतो, आणि दोन वळणांनंतर पाणी पुन्हा निवळते. पण वर पाइप वाढले, तशी ती दोन वळणे पुरेनाशी झाली. मला पुन्हा उचलले.

नव्या जागेपासून चार हातांवर वाळूत डवरा होता. डवरा म्हणजे झिरपून आलेले पाणी साठवणारा लहानसा खड्डा. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की खालच्या मोहल्ल्यातली रहिमा त्यातलेच पाणी प्यायला नेते. बयाबाई धुवायला बसली, तशी हंडा भरता भरता ती थांबली.

"बयाबाय, इथं नको गो धुवू. आमच्या पोरीला, नबीलाला जुलाबानं दवाखान्यात ठेवलेली, कालच घरी आणली."

"वरचं पाणी खराब झालंय, रहिमा. मी तरी काय करू?"

"खराब कुणी केलं?"

बयाबाईने धुणे तसेच गोळा केले. सासू-सुनेने मला परत वर आणले, ते थेट सुनीलच्या पाइपाच्या तोंडाशी, आणि बयाबाई तिथेच त्याचे शर्ट धुवायला बसली.

सुनील धावत आला. "आई, डोकं फिरलंय का तुझं? इथं कुठं धुतेस?"

"कपडे तुझे हायत रे. पाणी पण तुझंच हाय."

त्या वासाचा शर्ट काही त्याला अंगात घालवेना. दुसऱ्या दिवशी त्याने सेप्टिक टाकीसाठी खड्डा खणायला घेतला. गुडघाभर गेल्यावर कातळ लागला, आणि कुदळ भिंतीला टेकली ती आजवर टेकलेलीच आहे.

मित्रांनो, पाइपाखाली बसून मला फार चीड येते. ओढा अजून मेलेला नाही. घाण थांबली तर काही पावसाळ्यांत तो सावरेल. मी त्याच्यातच वाढलो, म्हणून सांगतो. पण त्याला जरा दम तर खाऊ द्या. तुमच्या मोरीचे पाणी कुठे जाते, ते एकदा काठाकाठाने चालत जाऊन बघा. आमच्या ओढ्याच्या काठाने गेलात, तर शेवटी रहिमा भेटेल. ती अजून त्याच डवऱ्यातून नबीलासाठी पाणी भरते.