शकूची काडीमोड

दिवाळीला लेक माहेरी आली की तिला तेल लावून न्हाऊ घालायचं, हे मंजुळाबाईचं वर्षाकाठचं सुख होतं. नवरा गेल्यापासून तिला दुसरं सुख फारसं नव्हतंच. त्या वर्षी शकू डोंगरकड्याहून बाळापूरला आली ती गाडीतून उतरतानाच धापा टाकत होती. रंग पिवळट, ओठ पांढरे. दिवस गेले असतील, असं मंजुळाबाईला वाटलं आणि मनातल्या मनात ती आजी होऊनही बसली.

न्हाणीत लेकीच्या पाठीवर तेलाचा हात फिरवला आणि तो तिथंच थांबला. पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर काळेनिळे डाग होते. काही जुने, हिरवट पडलेले, काही अगदी ताजे. शकूने वळून पाहिलं तेव्हा तोंडाची उजवी बाजू हललीच नाही. हसू एकाच गालावर आलं, उजवा डोळा मिटता मिटेना. हिरड्यांना रक्त लागलेलं.

"कोणं मारलं गं?"

"कोणीच न्हाई, माय. आपोआप उठून राहिले."

"अन् तोंड?"

"झोपून उठले तं असं झालं. वारं लागलं आसंल."

मंजुळाबाईने पुढे विचारलं नाही. गरजच काय होती? शकूचा बाप तिला स्वतःला असा मारायचा की अंथरुणातून उठता येत नसे, आणि माहेरी गेल्यावर ती आईला सांगायची, विहिरीवर पाय घसरला. आई ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायला लागायची. त्या ऐकून घेण्याचा राग तिच्या मनातून कधी गेला नाही. आपल्या लेकीच्या बाबतीत असं गप्प बसायचं नाही, हे शकू पाळण्यात असतानाच तिने ठरवून टाकलं होतं. मार खाल्लेली बाई काय बोलते हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शकू जितकं नाही नाही म्हणाली तितकी तिची खात्री पक्की होत गेली.

मंजुळाबाईचे थोरले दीर उकंडराव जातीच्या पंचांत बसायचे. त्यांनी पंच जमवले आणि डोंगरकड्याला निरोप धाडला. जावई संतराम आला. रुंद हाडाचा, अबोल माणूस. बोलक्या माणसाचं पंचांपुढे कसंही निभतं; याला 'म्या हात लावला न्हाई' यापलीकडे शब्द सुचेना. मंजुळाबाईने सगळ्यांदेखत लेकीच्या दंडावरचा पदर बाजूला केला. पंचांनी माना खाली घातल्या. "ते खरं बोलून राहिले," शकू रडत म्हणाली. भेदरलेली बाई दुसरं काय म्हणणार, असं समजून पंचांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

ज्वारीच्या वाळल्या धांड्याची काडी संतरामच्या हातात दिली गेली. नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडलं, मग तो तिचा कोणी नाही आणि ती त्याची कोणी नाही. संतराम काडी धरून बसून राहिला.

"मोड," उकंडराव म्हणाले. "न्हाई तं वाळीत पडशील."

त्याने मोडली. शकूने तोंडात पदर कोंबला. मंजुळाबाई मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

डाग काही जाईनात. मार्गशीर्षात जुने पुसट झाले आणि नवे उठले. मंजुळाबाईने ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. खाटेची कड लागली असेल, घागर लागली असेल. मग शकूचं डोकं दुखायला लागलं, इतकं की ती भिंतीला टेकून कण्हत बसायची. उलट्या होऊ लागल्या. "माय, तुझ्यासंगं दुसरी कोण हाय?" असं तिने एकदा विचारलं तेव्हा मंजुळाबाई एकटीच समोर उभी होती. मग पायांतलं बळ गेलं.

गाडीत घालून तिला वसमतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर. त्यांनी बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं, यंत्राला डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि शकूच्या बरगडीखाली वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताने चाचपली.

"खून का कॅन्सर है, अम्मा," ते म्हणाले. मग तिला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी समजावलं. रक्तच नासलं आहे, म्हणून कोणी बोट न लावताही अंगावर डाग उठतात. तेच नासलेलं रक्त आता डोक्यात आणि नसांत उतरलं आहे. तोंड त्यानेच वाकडं झालं, पाय त्यानेच गेले, नजरही जाईल. औषध नाही.

"दिवाळीत तोंड वाकडं झालतं, ते?"

"वही."

"कोणी मारल्यानं न्हाई?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "मारने से ये नहीं होता."

परतीच्या वाटेवर शकू शुद्धीत होती. "त्यायला बोलव," ती म्हणाली. "डोळे हायेत तवर एकडाव दिसू दे मला."

मंजुळाबाईने हो म्हटलं. पण बोलवायचं म्हणजे कोणत्या तोंडाने? उकंडरावांपाशी विषय काढला तर ते भडकले. काडी मोडलेला माणूस या उंबऱ्यात येत नाही, पंच म्हणजे काय पोरखेळ आहे? खरं तर तिला त्यांची भीती नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपायी ती रोज उद्यावर ढकलत राहिली. हे तिचं चुकलंच, आणि पंचांपुढल्या चुकीहून मोठं चुकलं. एका सकाळी, ऊन घरात आल्यावर, शकू म्हणाली, "माय, उजाडलं न्हाई का अजून?"

तेव्हा ती उठली आणि तशीच डोंगरकड्याच्या वाटेला लागली.

संतराम रानात होता. "शकू बोलवून राहिली," एवढंच तिला म्हणता आलं. त्याने लगेच गाडी जुंपली. बाकीचं वाटेत सांगू असं तिने ठरवलं होतं. वाट सरली, तिने सांगितलं नाही.

शकू गुंगीत होती. संतरामने हाक मारली. तिचे डोळे उघडे होते, पण ते त्याच्यावर ठरले नाहीत. हात धरावा म्हणून त्याने गोधडी सारली. मनगटापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा झाला होता.

"आता कोणं मारलं, मामी?"

दारात उकंडराव येऊन उभे होते. मंजुळाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कोणी न्हाई. रगताचा रोग हाय. तवाबी तुमी मारलं नव्हतं. म्या खोटी पडले."

"मंग माझी बायकू मला द्या."

"काडी मोडली हाय," उकंडराव म्हणाले.

"म्या मोडायला लावली, भाऊजी. वाट सोडा," मंजुळाबाई म्हणाली.

संतरामने शकूला गोधडीसकट उचललं. तिला उचलणारे हात कोणाचे हे तिला कळलं की नाही, देव जाणे. तिने फक्त एकदा कण्हल्यासारखं केलं. गाडी हलली तशी मंजुळाबाई मागोमाग चालू लागली. वेशीपाशी त्याने बैल थांबवले.

"तुमी येऊ नका, मामी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. ती थांबली. शकू गेल्याचा निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. शकूने शेवटी त्याला ओळखलं का, एवढंच तिला विचारायचं होतं. ते विचारायला ती डोंगरकड्याला कधी जाऊ शकली नाही.