उजवी बाजू कोरडी

सोमवारी विजेच्या शेगडीत पाणी गेलं आणि त्याच संध्याकाळी फोनवर ठरलं, की आईला येत्या रविवारी वृद्धाश्रमात न्यायचं. ठरवलं धाकट्यानं. तो दुसऱ्या गावी राहतो, आणि दुरून ठरवायला कधीच जड जात नाही. थोरली नुसतं "बरं" म्हणाली. चार वर्षं आईपाशी तीच होती, दुपारपर्यंत कचेरी आणि नंतर घर. या चार वर्षांत तिचे बाकीचे शब्द एकेक करून गळाले होते, "बरं" तेवढा टिकला होता.

झालं होतं ते एवढंच. सोमवारी दोन वाजता ती कामावरून आली, तर स्वयंपाकघरात पावलं बुडतील एवढं पाणी. घराचा मेन ब्रेकर खाली पडलेला. शेगडीच्या कडेनं थेंब गळत होते, आणि मधोमध आई उभी, अनवाणी, हातात बादली.

"आई, काय केलंस हे?"

आईनं बादलीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "माझ्याच हातून झालं," ती म्हणाली.

हे वाक्य त्या घरात जुनं होतं. बाबांचा आवाज फार लवकर चढायचा. काही फुटलं, सांडलं, हरवलं, की तो चढायच्या आत आई पुढे होऊन म्हणायची, माझ्याच हातून झालं. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. आईची आठवण जाऊ लागली तशी भाच्यांची नावं गेली, औषधाच्या वेळा गेल्या, हे वाक्य मात्र तिच्या तोंडून गेलं नाही.

थोरलीला राग यायला हवा होता. आला नाही. वीज, पाणी आणि मध्ये ऐंशी वर्षांची आई, हे बघून घाबरायला हवं होतं. तेही झालं नाही. तिनं पाणी पुसलं, आईचे पाय कोरडे केले आणि भूक लागलीय का विचारलं. फोनवर धाकटा म्हणाला, "ताई, आता डोक्यावरून पाणी गेलं. आज शेगडीवर बादली ओतली, उद्या काय करेल सांगता येतं का?" सांगता येत नव्हतं. ती "बरं" म्हणाली.

गुरुवारी दुपारी सावकाश आला. त्याचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षं तो घराघरांतली विजेची यंत्रं दुरुस्त करत होता आणि कुणी घाई केली की एवढा एकच शब्द म्हणत होता, म्हणून तेच नाव पडलं. त्याची रीत अशी, की काय घडलं ते पहिल्यापासून ऐकल्याशिवाय पिशवीतून पाना काढायचा नाही. लोक वैतागायचे, पण त्याच्या हातून गेलेलं यंत्र परत बिघडत नसे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

शेगडी भिंतीपासून ओढलेली होती. वर चार गोल प्लेटी, खाली ओव्हन. तिच्यासमोर तीन दिवस पंखा चालू होता.

"हं, सांगा. काय झालं?"

"आईनं बादली ओतली. मग ब्रेकर पडला. आता वायर जोडली की लगेच पडतो."

"पुढून ओतली का बाजूनं?"

"मी नव्हते घरी."

"आजी होत्या ना. आजी, पुढून का बाजूनं?"

आई खिडकीपाशी टेबलाशी बसून धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालत होती. झालेल्या घड्या ती पुन्हा मोडत होती. "माझ्याच हातून झालं," ती मान वर न करता म्हणाली.

"कोण विचारतंय ते," सावकाश पुटपुटला आणि खाली बसला.

त्यानं वरचा पत्रा उचलला आणि चारही प्लेटींच्या तारा सोडवल्या. "एकेकीला एकटं गाठायचं. घोळक्यात कोण खोटं बोलतंय ते कळत नाही." मग त्यानं मीटर काढला, काट्याचा, जुना. उजवी पुढची प्लेट चांगली निघाली. उजवी मागची चांगली. ओव्हनही चांगला. डाव्या पुढच्या प्लेटीला काटा अर्ध्यात अडखळला. "दमट आहे, वाळेल." डाव्या मागच्या प्लेटीला तो पार आडवा पडला. "हिचं आटोपलं. हीच ब्रेकर पाडतेय."

थोरली भिंतीला टेकून बघत होती. बघत होती म्हणजे डोळे उघडे होते.

सावकाशनं बटणांची पट्टी काढली. आत पिठाची आणि धुळीची मऊ राखाडी साय बसलेली होती, वर्षानुवर्षांची. त्यानं तिच्यात बोट बुडवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"ताई, जरा इकडे या. बादली पुढून ओतली असती तर याचा चिखल झाला असता. इथं एक थेंब नाही. वरून ओतली असती तर चारही भिजल्या असत्या. उजवी बाजू कोरडी आहे. पाणी डावीकडून आलंय, कडेकडेनं, बराच वेळ. हा बघा पांढरा ओघळ. डावीकडे काय असतं?"

"सिंक."

"मग सिंक भरून वाहिलंय," सावकाश म्हणाला आणि पुन्हा तारांकडे वळला. त्याच्या दृष्टीनं एवढंच कळायचं होतं.

थोरलीनं सिंककडे पाहिलं. सोमवारी सकाळी जिन्यात कागद लावलेला होता, नळदुरुस्ती, अकरापर्यंत पाणी बंद. तो तिनं कामावर जाताना खाली उतरताना वाचला होता. त्याआधी ती कप विसळायला सिंकपाशी गेली होती. नळ फिरवला, तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. कप तसाच सिंकमध्ये ठेवला, खरकट्या ताटलीवर, आणि ती ताटली बरोबर जाळीवर बसली होती. नळ उघडल्याचं तिला आठवत होतं. बंद केल्याचं आठवत नव्हतं. फार आठवून पाहिलं, तरी नाही.

आणि दोन वाजता ती आली, तेव्हा नळ बंद होता.

म्हणजे आईनं पाणी पाहिलं. आईनं नळ बंद केला. आईनं बादली आणली आणि पाणी काढायला लागली. तासाभरापूर्वी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या बाईनं सगळं बरोबर केलं होतं, आणि शेवटी लेकीच्या चेहऱ्याकडे बघून गुन्हाही कबूल केला होता.

आता तरी आत काही हलेल म्हणून थोरली थांबली. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर गाल चावला जातो, चावल्याचं कळतं, दुखत नाही, तसं होतं ते. उलट एक नकोशी गोष्ट तिला अगदी स्वच्छ दिसली. सोमवारी "बरं" म्हणताना तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. रविवारनंतर दुपारी झोपायचं, असं ती मनात ठरवूनही बसली होती. आता ती नुसती गप्प राहिली तरी पुरे होतं. रविवार आपल्या पायानं आला असता.

सावकाशनं मेलेल्या प्लेटीची तार बांधून बाजूला केली, बाकीच्या जोडल्या आणि ब्रेकर वर केला. सगळे थोडे थांबले. ब्रेकर पडला नाही.

"तीन चालतील. चौथीचं बटण फिरवू नका, मी नवी घेऊन येतो. डावी पुढची तासभर मंद ठेवा. वाफ येईल, घाबरायचं कारण नाही." पिशवी उचलून तो आईकडे वळला. "आजी, तुम्ही वेळेवर आवरलंत म्हणून वाचली. अजून तासभर पाणी वाहतं तर ओव्हनही गेला असता."

"हो का," आई म्हणाली, पाहुण्याशी बोलावं तसं.

तो गेला. प्लेटीच्या कडेनं बारीक वाफ येऊ लागली. थोरली आईसमोर बसली.

"आई, सोमवारी नळ मी उघडा टाकला होता. तुझ्या हातून काही झालं नाही. तू तर बंद केलास."

आईनं रुमाल खाली ठेवला. लेकीचा चेहरा तिनं बराच वेळ न्याहाळला, मग दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाबांना सांगू नकोस हं. ते आले की मीच बोलते. माझ्याच हातून झालं म्हणते, म्हणजे तुला ओरडणार नाहीत."

थोरलीला आत कुठंतरी दुखलं. चांगलंच दुखलं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा होता. "ताई, रविवारी दहाला येतो. आईचे कपडे भरलेस?"

समोर आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"नाही भरले," थोरली म्हणाली. "ऐक. नळ मी उघडा टाकून गेले होते. आईनं बंद केला. बादलीनं ती पाणी काढत होती."

धाकटा म्हणाला, "पण ताई, आज ना उद्या न्यावंच लागेल. तुला तरी किती दिवस झेपणार?"

"झेपत नाहीच आहे," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच बोलत होती. "रविवारी ये. पण न्यायला नको, राहायला ये. आठ दिवस राहा आणि मग ठरवू."

आईनं ओठांवरचं बोट अजून काढलं नव्हतं. लेक सगळं सांगून मोकळी झाली, आता बाबा आले की काय होईल, याची तिला काळजी लागली होती. रुमाल बाजूला सारून, आपलं वाक्य तयार ठेवून, ती दाराकडे बघत बसली.