वीस सेकंदांचा हिरवा दिवा

कल्पना करा, मुलांनो, मोठ्या माणसांच्या बैठकीत तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. बोलायला मनाई आहे, आणि खरं काय ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

भिंगरीचं तसंच झालं होतं. दवाखान्यासमोरचा हिरवा दिवा वीसच सेकंद टिकायचा. मागच्या आठवड्यात आजी अर्ध्या रस्त्यातच अडकली आणि गाड्या अंगावर आल्या. सिग्नल वाढला नाही तर दवाखान्यात व्यायामाला एकटीनं जाणं बंद, असं बाबांनी आजीला बजावलं होतं. आणि व्यायाम सुटला की आजीचा पाय आखडणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आजीच्या ज्येष्ठ मंडळानं महिनाभर फुटपाथवर उभं राहून, म्हातारी माणसं किती वेळात रस्ता ओलांडतात ते टिपलं होतं. शहरातल्या प्रत्येक दवाखान्यापुढचा सिग्नल पस्तीस सेकंदांचा करावा, असा मंडळाचा अर्ज होता. वेळांचे तक्ते तसेच अर्जाला जोडले. सरासरी काढली ती सिग्नलचा निर्णय घेणाऱ्या समितीच्या कारकुनानं.

आज दवाखान्याच्याच रस्त्यावर, समितीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर निकाल होता.

"तुमच्याच नोंदींत सरासरी अठरा सेकंद आहेत," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "मग अडचण कुठे आहे?"

मंडळाच्या सचिव, निवृत्त नर्सबाई, यांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसून तक्ते पुन्हा पाहिले. आकडा काही हलेना.

भिंगरीला मात्र सगळं लख्ख आठवत होतं. नर्सबाई घड्याळ घेऊन उभ्या दिसल्या की आजी काठी काखेत मारायची आणि बक्षीस घ्यायला निघाल्यासारखी ताठ, झपाझप चालायची. बाकीचेही तसेच. आपण थकलो, हे कुणालाच कागदावर नको होतं. पलीकडे पोचल्यावर, नर्सबाई वहीत मान घालून आकडा लिहीत असताना, सगळे भिंतीला टेकून धापा टाकायचे.

"आजी, सांग ना," ती कुजबुजली. "तू मुद्दाम भरभर चालत होतीस."

"गप बस. चारचौघांत मला म्हातारी ठरवतेस होय गं?"

अध्यक्षांनी शेरा मारायला पेन उघडलं. आजी मान खाली घालून बोटं चोळत राहिली.

भिंगरी उठली. तिनं खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला. खाली दवाखान्यासमोरचा दिवा नुकताच हिरवा झाला होता आणि एक अनोळखी आजोबा, आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीनं, हळूहळू रस्त्यावर उतरत होते.

भिंगरी मोठ्यानं मोजू लागली.