राहीमावशीचा हात

पार्थ पोटात होता तेव्हाच पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझा आजार बाळात उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी. एहलर्स-डॅनलॉस हे नाव आईला म्हणता येत नाही. मी तिला सोपं करून सांगितलं, की अंगातली कातडी, सांधे ज्या धाग्यांनी बांधलेले असतात ते धागेच माझ्यात जन्मापासून सैल आहेत. शिवणच कच्ची. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जन्मापासून न्हाई. राहीपासून."

राहीमावशी आमच्या मागच्या आळीत राहते. काष्टी गावातल्या कितीतरी लेकरांना एके काळी तिनंच न्हाऊ-माखू घातलं. पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ घ्यायची, तेल जिरलं की उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून ताणायची, आणि शेवटी दोन्ही पाय धरून बाळाला क्षणभर उलटं टांगायची. आळीतल्या सगळ्यांचीच मालिश अशी झाली. पण शाळेत खो-खो खेळताना माझा खांदा निखळला, पुढं गुडघ्याची वाटी सरकली, आणि आईनं गावभर सांगितलं, "राहीनंच वढून वढून माझ्या मोनिकाचं सांदं ढिलं केलं." हळूहळू राहीमावशीला बाळंतिणीकडं कुणी बोलवेना. ती खुरपायला जाऊ लागली. आई आणि ती एका विहिरीवर धुणं धुणाऱ्या मैत्रिणी. तेही बंद झालं.

आजाराचं नाव मला लग्नानंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, "बसून राहू नका. स्नायू मजबूत ठेवा, तेच तुमचे सांधे धरून ठेवतील. फक्त ओढाताण नको." म्हणून बोटांना आधाराच्या पट्ट्या, गुडघ्याला बेल्ट, रोज कॅनॉलच्या कडेनं झपाझप चालणं, आणि स्कूटीवरून दूध डेअरीतली नोकरी. भाकरी थापली की अंगठा मागं पडतो, म्हणून मी लाटते. आई म्हणते, "लाटलेली भाकर म्हंजी चपातीची सावत्र बहीण." खाते मात्र दोन.

बाळंतपणाला माहेरी आले आणि पार्थ झाला त्याच दिवशी आईनं फर्मान काढलं, "ह्याला राहीचा हात लागू द्यायचा न्हाई. मग बघ, कसं दगडावानी घट्ट हुतंय लेकरू."

मी शिकलेली. निम्मी-निम्मी म्हणजे काय ते मला कळतं. तरी मी गप्प बसले. आईच्या त्या चुकीच्या समजुतीत पार्थ सुटण्याएवढी एक फट होती, आणि ती मला बुजवायची नव्हती.

मालिश नाहीच. तळहातानं नुसतं तेल फिरवायचं. आई रोज त्याचं मनगट चाचपायची. "घट्ट हाय गं." मीही म्हणायचे, "हो, घट्ट आहे." पण काखेत धरून उचललं की तो ओल्या कपड्यासारखा हातातून खाली सरकायचा. बरोबरीची लेकरं बसायला लागली, तर हा बसवला की पुढं वाकून पायांवर कपाळ टेकवायचा, घडी घातल्यासारखा. आई हसायची. मग एकदा पाळण्याची कडा लागली, नुसती लागली, आणि त्याच्या कपाळाची कातडी जुन्या रेशमासारखी उसवली. त्या दिवसापासून आई हसली नाही. आम्ही रक्त तपासायला दिलं.

पुण्याच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी नुसतं "हो... हो... कळलं" म्हणत राहिले.

"काय म्हनला गं?"

"आहे, आई. माझंच आहे त्याला."

तिचा हात सुपातच राहिला. ती म्हणाली, "पर तिचा हात लागलाच न्हाई ह्याला."

आणि मग तिचं बोलणं तिलाच ऐकू आलं. तिनं सूप बाजूला सारलं, पदरानं तोंड झाकलं. "मला न्हाई उभं ऱ्हावायचं तिच्या दारात. तू जा. तू सांग तिला."

राहीमावशी उंबऱ्यात बसून गवार मोडत होती.

"मोने? वाट चुकलीस व्हय गं? आईला ठावं हाय का, हिकडं आलीस त्ये?"

"तिनंच धाडलंय, मावशी."

मी पार्थला मांडीवर घेऊन खाली बसले आणि सगळं सांगितलं. माझा आजार, पुण्याचा रिपोर्ट, आणि पार्थला कुणीच कधी ताणलं नव्हतं, तरी त्याचेही सांधे तसेच आहेत, हे. मला वाटलं होतं, ती भांडेल. भांडायचा तिला हक्क होता.

"म्हंजी माझा हात न्हवता."

"नव्हता, मावशी. कधीच नव्हता."

तिनं पार्थकडं पाहिलं. तो तिच्या गवारीकडं झेपावत होता.

"आगं, माझाच असता तर लई बरं झालं असतं," ती म्हणाली. "ह्ये लेकरू तरी सुटलं असतं."

डॉक्टरांसमोर मी रडले नव्हते, नवऱ्याला फोनवर सांगतानाही नाही. त्या उंबऱ्यात मात्र मला आवरलं नाही.

ती उठली, हात धुऊन आली, पाय लांब करून बसली. मी पार्थला तिच्या नडग्यांवर ठेवायला गेले, तर तिनं हात मागं घेतले.

"नगं. लोक म्हनायचं, तुझ्या हातात खोट हाय. म्हनून म्हनून मलाबी तसंच वाटाया लागलंय."

"ताणायचं नाही, एवढंच. सांध्याखाली तळहात ठेवायचा. असा."

मी पार्थला तिच्या नडग्यांवर निजवलं आणि तिचा हात धरून त्याच्या खांद्याखाली ठेवला. पार्थ तिच्याकडं टक लावून पाहत राहिला.

"खेळंल का गं ह्यो?"

"खेळेल. चालेल, पळेलसुद्धा. पोहायला शिकवणार आहे मी त्याला. मी नाही का स्कूटी चालवत?"

"आन दुखंल का?"

आईला मी हे कधी सांगितलं नव्हतं. गुडघ्याला बेल्ट बांधताना तिच्याकडं पाठ करून बांधते.

"दुखेल, मावशी. रोज."

पार्थच्या खांद्याखालचा हात तिनं काढून घेतला नाही.