चॅपलच्या कुरणातले वाकडे नाणे

माझ्या तबकडीची डावी कड उजव्या कडेपेक्षा जास्त झिजलेली आहे. फरक फार नाही, नखाच्या जाडीएवढा. पण त्यावरून इतके नक्की सांगता येते, की मला वापरणारा माणूस उजव्या हाताचा होता आणि झुलवताना प्रत्येक फेरीच्या शेवटी तो मला डावीकडे किंचित जास्त रेटत असे. कापलेल्या बार्लीचे खुंट वर्षानुवर्षे त्याच कडेला घासत गेले. त्या माणसाचे नाव रॉयस पेटिंगेल. मी त्याचा जुना मेटल डिटेक्टर. मित्रांनो, जमिनीखालचा धातू शोधणे हे माझे काम होते आणि मी ते चोख केले. तरी माझी हकीकत गोड नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे बायका टेबलाशी बसून तांब्याची बारीक तार गोल गुंडाळत. माझी तार गुंडाळणारी बाई काम करताना शीळ घालायची. त्या तारेतून वीज वाहू लागली की तबकडीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते जमिनीत उतरते. तिथे धातू असला तर तो त्याला अगदी क्षीण उत्तर देतो. ते उत्तर ऐकून मी वाजतो. लोखंडाला घोगरा वाजतो, चांदीला बारीक आणि स्वच्छ. एवढीच माझी विद्या. काय सापडले, कोणाचे होते, ते कसे हाताळावे, यातले काही मला सांगता येत नाही.

रॉयस इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात बस चालवायचा. तो निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, एनिडने, मला विकत आणले. खोके त्याच्या हातात देत ती म्हणाली, "हे घे. आता दिवसभर माझ्या पायात घुटमळू नकोस. जा कुठल्यातरी शेतात आणि काय उकरायचं ते उकर."

पण इथे कोणाच्याही शेतात असे शिरता येत नाही. आधी मालकाच्या दारात जाऊन विचारायचे. तो हो म्हणाला तर हात मिळवायचा, आणि त्या हातमिळवणीत सगळे आले: फाटक लावून घ्यायचे, खड्डा बुजवायचा, निघण्यापूर्वी सापडलेले सगळे मालकाच्या टेबलावर मांडायचे आणि जे मोलाचे असेल ते निम्मे निम्मे. बऱ्याच दारांनी आम्हाला नाही म्हटले. एकाने तर कुत्रे सोडले. ऑस्वाल्ड जर्मिन मात्र हसला.

"सोनं मिळालं तर निम्मं माझं," तो म्हणाला. "गंजके खिळे मिळाले तर सगळे तुझे. मी काही लोभी माणूस नाही."

"तो लोभी नाही, आळशी आहे," त्याची बायको हेस्टर आतून म्हणाली. "खिळे उचलायला नकोत म्हणून. बूट बाहेर काढ रे बाबा, आणि चहा घेऊन जा."

तेव्हापासून जर्मिनांचे शेत आमचे झाले. कापणी झाली आणि पुढची पेरणी व्हायची आहे, असे मधले दिवस आमचे. वारा समुद्राकडून यायचा. रॉयस मला झुलवत ओळीने चालायचा, मी वाजलो की गुडघे टेकायचा, हिरवळीचा तुकडा वहीच्या पुठ्ठ्यासारखा उलटा करायचा, खालची माती बोटांनी चाळायचा आणि मग तो तुकडा पुन्हा जागेवर बसवून वरून पाय दाबायचा. बहुतेक वेळा बाटलीचे झाकण निघे, नाहीतर काडतुसाचे बूड. पण बंदुकीच्या शिशाच्या गोळ्याही निघत, बुटांची बक्कले निघत, अंगुस्ताने निघत. एकदा रोमनांच्या काळातली काशाची पिन निघाली, घोड्याच्या आकाराची. स्थानिक वर्तमानपत्रात रॉयसचा फोटो आला. त्याच्या हातात मी होतो. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात तो सगळ्यांना सांगायचा, "कुत्र्याचं नाक आणि याचा कान, दोन्ही सारखेच." ते माझे सुखाचे दिवस.

जर्मिनांच्या शेतात एक कुरण होते. त्याच्या टोकाला जुन्या चॅपलची, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराची, पडकी भिंत होती, गारगोट्यांची. ऑस्वाल्डने एका वर्षी बीटाच्या लोभाने ते कुरण नांगरले. फाळाबरोबर घडवलेले दगड वर आले, हाडेही आली. हेस्टर शेताच्या कडेला उभी राहून ओरडली होती, "मेलेल्यांच्या अंगावरून नांगर फिरवतोस?" पुढच्या वर्षी ऑस्वाल्डने मुकाट्याने तिथे पुन्हा गवत पेरले. भांडण मिटले असे दोघेही म्हणत. खरे तर त्याच्यावरही गवतच उगवले होते.

मग एनिड गेली. दोन हिवाळ्यांनी ऑस्वाल्ड गेला. जमीन हेस्टरने शेजाऱ्याला खंडाने दिली, कुरण तेवढे स्वतःकडे ठेवले. त्या घराचे दार वाजवणारा आता एकटा रॉयस उरला. शनिवार आला की हेस्टर सकाळीच सुक्या मेव्याचा केक कापून ठेवायची आणि तो आला की म्हणायची, "आलास? मला वाटलं मेलास." तो म्हणायचा, "तुझा केक खाल्ला की तेही होईल."

त्याच सुमारास संग्रहालयातली जॉर्जिना लुबॉक येऊ लागली. लोकांना सापडलेल्या वस्तू बघायच्या आणि नेमक्या कुठे सापडल्या ते नोंदवायचे, हे तिचे काम. तिने हेस्टरला सांगितले, "चॅपलचं कुरण बंद करा. नांगरालाही आणि डिटेक्टरलाही. खाली जे आहे ते एकदा विस्कटलं की वाचता येत नाही." हेस्टर म्हणाली, "बघू." दर वर्षी जॉर्जिना विचारायची आणि दर वर्षी हेस्टर म्हणायची, "बघू, पुढच्या मोसमात." ती का टाळते हे मला कळत होते. बाकीची शेते रॉयसने पालथी घातली होती. कुरण बंद झाले तर त्याला यायला कारण उरणार नव्हते.

आणि मी? मित्रांनो, रॉयसने नवे यंत्र घेतले. त्याच्यावर पडदा होता, पडद्यावर आकडे होते. एका शनिवारी त्याने मला हेस्टरच्या दाराशी टेकवून ठेवले. "राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला, "कुंपणाचे खिळे शोधायला कामाला येईल." मी चिखलाचे बूट आणि मोडकी छत्री यांच्यामध्ये उभा राहिलो. माझ्या दांड्यावर कोळ्याने जाळे विणले. रॉयस नवे यंत्र घेऊन माझ्यासमोरून जायचा आणि यायचा. त्याने मला एकदाही हात लावला नाही.

मग एका शनिवारी नवे यंत्र दुरुस्तीला गेले.

"हेस्टर, म्हातारा जरा दे बघू आजच्यापुरता."

"कोण, मी?"

"तू कसली म्हातारी. तो, दाराआडचा."

त्याने माझे जाळे पुसले, नव्या बॅटऱ्या घातल्या. आम्ही चॅपलच्या कुरणात गेलो. दुपार कलत होती. भिंतीपासून थोड्या अंतरावर, जिथून नव्या यंत्राला घेऊन तो कितीतरी वेळा गेला होता, तिथे मला बारीक, स्वच्छ उत्तर आले. मी वाजलो. तो थांबला. मला पुन्हा त्याच जागेवरून फिरवले. मी पुन्हा वाजलो. इतका आनंद मला त्या रोमन पिनेच्या वेळीही झाला नव्हता.

मातीतून चांदीचे एक पातळ नाणे निघाले. मधोमध दुमडलेले होते, विड्याच्या पानासारखे. कडेला थोडी अक्षरे दिसत होती. रॉयसने ती वाचली. असल्या टांकसाळीचे नाणे त्याने फक्त चित्रात पाहिले होते. पण राजाचा चेहरा घडीच्या आत होता.

या छंदातल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, की नाणे घासू नये आणि वाकलेले नाणे सरळ करू नये. जमिनीत शेकडो वर्षे पडलेली चांदी आतून ठिसूळ होते. रॉयसला ते माहीत होते. क्लबातल्या नव्या लोकांना तोच ते बजावत असे. तरी तो गवतावर बसला, नाणे दोन अंगठ्यांच्या मध्ये धरले आणि म्हणाला, "चेहरा तेवढा दाखव, राजा."

टक् असा आवाज झाला. सुकी काडी मोडावी तसा. मी त्याच्या मांडीशेजारीच पडलो होतो.

 मग त्याने खड्डा बुजवला. नेहमीसारखा, व्यवस्थित.

हेस्टरच्या टेबलावर त्याने दोन तुकडे ठेवले. तिने चष्मा लावला.

"मोडकं?"

"नांगर," रॉयस म्हणाला. "ऑस्वाल्डचा नांगर, दुसरं काय. फाळ बसला असणार." मग तो हसला आणि एक तुकडा तिच्याकडे सरकवला. "निम्मं तुझं, निम्मं माझं. ठरलंच होतं आपलं."

हेस्टर हसली नाही. तिने तो तुकडा उचललाही नाही.

तुकडे तपासायला जॉर्जिनाकडे गेले. क्लबाच्या मासिकात बातमी आली, 'दुर्मिळ नाणे, नांगराने दुभंगलेले'. फोटोत रॉयसच्या हातात नवे यंत्र होते. याचे मला वाईट वाटले, नाही असे नाही. पण त्याहून वाईट गोष्ट मी त्या हिवाळ्यात दाराआडून रोज ऐकली. भिंतीवर ऑस्वाल्डचा फोटो होता. हेस्टर त्याच्याशी बोलायची. पूर्वी हवापाण्याचे बोलायची, गुडघ्याचे बोलायची. आता म्हणायची, "सांगितलं होतं ना तुला? किती ओरडले होते मी! एक गोष्ट ऐकली असतीस माझी." आणि एक दिवस तिने तो फोटो काढून खणात ठेवला. मेलेला माणूस आपली बाजू काय मांडणार? आणि मला तर फक्त वाजता येते. तेही कोणी चालू केले तर.

मित्रांनो, मी यंत्र आहे, उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण जमिनीकडे कान लावून मी एक गोष्ट शिकलो, ती सांगतो. आपण मातीतून वस्तू काढतो तेव्हा ती तिच्या जागेपासून कायमची तुटते. म्हणून काढायचीच असेल तर जागा लक्षात ठेवा, हात हळू चालवा आणि ती जशी सापडली तशीच राहू द्या. ती वाकडी असेल तर वाकडी का, ते आधी विचारा. आणि तुमच्या हातून काही मोडले, तर ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसाच्या माथी ते मारू नका.

वसंतात जॉर्जिना तुकडे परत घेऊन आली. शनिवार होता, रॉयस चहा पीत बसला होता. दार उघडे होते आणि मी दाराशीच होतो.

"नाणं अपघातानं वाकलेलं नव्हतं," जॉर्जिना म्हणाली. "मुद्दाम वाकवलेलं होतं. त्या काळी घरात कोणी फार आजारी पडलं की त्याच्या डोक्याशी नाणं धरून संताचं नाव घ्यायचे आणि ते वाकवायचे. म्हणजे ते त्या संताचं झालं, आता खर्चायचं नाही. माणूस बरा झाला की नेऊन वाहायचं."

"नवसच की," हेस्टर म्हणाली. "आणि हे वाहिलंच नाही?"

"चॅपलच्या दाराजवळ पडलं होतं. आणताना हरवलं असेल. किंवा माणूस बरा झालाच नसेल. आता कळायचं नाही. घडी तशीच असती तर आतल्या बाजूला काही चिकटलेलं मिळालं असतं, कापडाचा धागा, मेण, काहीतरी. ते सगळं गेलं."

"नांगरामुळे," हेस्टर म्हणाली.

जॉर्जिनाने रॉयसकडे पाहिले आणि मग टेबलाकडे. "नांगरानं मोडलं असतं तर मोडलेली कड काळी पडली असती, बाकीच्या चांदीसारखी. ही कड चकाकतेय. मोड ताजी आहे. जमिनीतून बाहेर आल्यावरची."

रॉयसने कप खाली ठेवला.

"रॉयस," हेस्टर म्हणाली.

"चेहरा बघायचा होता गं," तो म्हणाला. "तेवढाच."

"मोडलंस त्याचं नाही विचारत मी. हात आहे, चुकतो. ऑस्वाल्डचं नाव का घेतलंस?"

"तो काही ऐकायला नाहीये असं..."  मग तो घाईघाईने म्हणाला, "मी क्लबात सांगतो सगळ्यांना. मासिकात छापायला लावतो. पण हेस्टर, शनिवारचं मोडू नकोस. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"माझ्याकडे तरी काय आहे?" हेस्टर म्हणाली.

ती उठली. खण उघडला, ऑस्वाल्डचा फोटो काढला, एप्रनच्या कडेने काच पुसली आणि तो टेबलावर किटलीला टेकवून उभा केला. केकचा एक तुकडा रॉयसच्या बशीत होता, अर्धा खाल्लेला. तिने तो उचलला नाही. खिडकीतून कुरण दिसत होते. ती तिकडे पाहत होती, आणि इतकी वर्षे 'बघू' म्हणणाऱ्या आवाजातच, जराही न चढवता, म्हणाली,

"जॉर्जिना, तुझ्या लोकांना कळव. चॅपलचं कुरण आजपासून बंद. नांगराला बंद, यंत्राला बंद. आणि रॉयस, तुलाही."